गाण्यातली ‘अटक’ कुठली?



एप्रिल लागला की आमच्याकडे सकाळची शाळा सुरू होते. बुलढाणा जिल्ह्यातलं ऊन कसं असतं ते इथल्या मुलांना सांगायला नको; दहा वाजायच्या आत व्हरांड्यावरचे पत्रे तापतात. पण त्याच दिवसांत एक मेची, म्हणजे महाराष्ट्र दिनाची तयारीही चालू असते. झेंडावंदन, लेझीम आणि गाणी!

अशाच एका सकाळी आम्ही श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचं ‘महाराष्ट्रगीत’ बसवत होतो. (हे गाणं आणि आपलं राज्यगीत ही दोन वेगळी गाणी आहेत बरं का! राज्यगीताकडे मी थोड्या वेळानं येणारच आहे.) चाल जमली, ताल जमला. तेवढ्यात पाचवीतला एक मुलगा मधेच थांबला आणि म्हणाला,

“सर, आपला महाराष्ट्र एवढा भारी हाये, तं मंग त्याच्या गान्यात अटक आन् तुरुंग कामून हाये?”

सगळा वर्ग खो खो हसला. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

मी मात्र हसलो नाही. कारण लहानपणी मलाही अगदी तसंच वाटायचं! मला वाटायचं, कुणाला तरी पोलिसांनी पकडलंय आणि तो तुरुंगात पाणी पितोय. पण विचारायची हिंमत झाली नाही. मोठ्या आवाजात गायचं आणि गप्प बसायचं.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावी, एका मुलीनं मला हाच प्रश्न विचारला होता. मला उत्तर येत नव्हतं आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली. “आधी पाठ कर, अर्थ नंतर,” असं म्हणून मी तिला खाली बसवलं. त्यानंतर वर्षभर त्या मुलीनं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. ती आता मोठी झाली असेल. हा लेख म्हणजे तिला फार उशिरानं दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

घोड्यांनी पाणी कुठे प्यायलं?

आधी ‘तुरुंगा’चं कोडं सोडवू. गाण्यातला शब्द तुरुंग नाहीच, तो आहे ‘तुरंग’. एका उकारानं केवढा घोटाळा! तुरंग म्हणजे घोडा.

आणि अटक? अटक हे एका गावाचं नाव आहे. सिंधू नदीच्या काठी तिथे एक भलामोठा किल्ला आहे, अकबर बादशहानं बांधलेला. आज हे ठिकाण पाकिस्तानात, पंजाब प्रांतात आहे. 1758 साली रघुनाथरावांच्या नेतृत्वाखालची मराठी फौज लाहोर घेऊन थेट या अटकेपर्यंत पोचली होती. नकाशा काढा आणि पुण्यापासून अटकेपर्यंत पट्टी लावून बघा. सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरांहून जास्त अंतर भरतं. तेही घोड्यावरून! ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा वाक्प्रचार तुम्ही भाषेच्या पुस्तकात शिकता ना, तो याच घटनेवरून आला.

म्हणजे कवी सांगतोय ते असं, की ज्या प्रदेशातले घोडे सिंधूचं पाणी पिऊन आले, त्याला आपल्याकडे मोठ्या नद्या नि सरोवरं नाहीत याचं दुःख कशाला?

आता खरी गंमत ऐका. त्याच कडव्यात कवीनं ‘अटक’ हा शब्द पुन्हा एकदा वापरला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ खरोखरच ‘अडवणूक’ असा आहे. पराक्रमी माणसाला अडवणूक सहन होत नाही, असं त्याला म्हणायचंय. एकच शब्द, दोन अर्थ! म्हणजे आमचा पाचवीतला मुलगा पूर्ण चुकला नव्हता. अर्धा तर बरोबरच होता. हे सांगितल्यावर मघाशी हसलेली मुलं त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

कोल्हटकरांना अशा शब्दखेळांची भारी हौस. ‘मावळे’ हा शब्दही त्यांनी या गाण्यात असाच दोनदा आणलाय: एकदा शिवाजी महाराजांचे मावळे म्हणून, आणि एकदा ‘मावळणे’ या क्रियापदाचं रूप म्हणून. त्यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या विनोदी लेखांनी त्या काळचा महाराष्ट्र हसवला होता, हे कळलं की या खेळाचं नवल वाटत नाही.

गाण्यात काय नाही?

एवढं सांगून मी थांबणार होतो. पण सातवीतल्या एका मुलीचा इतिहास पक्का होता. ती म्हणाली, “सर, 1758 नंतर तीनच वर्षांनी पानिपत झालं. ते गाण्यात कुठंय?”

खरंच की! 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. अटकेचा प्रदेश तर त्याच्याही आधी, 1759 सालीच अहमदशहा अब्दालीच्या फौजांनी परत घेतला होता. गाण्यात विजय आहे, पण तो किती दिवस टिकला ते नाही. आणि त्या प्रदेशातल्या साध्या शेतकऱ्याला लांबून आलेली फौज आपल्या रानातून जाताना बघून काय वाटलं असेल, तेही नाही.

मग कवी खोटं बोलला का? मुळीच नाही. असं बघा, आपल्या घरी फोटोंचा अल्बम असतो. त्यात लग्नाचे, बारशाचे, सहलीचे फोटो असतात. भांडणाचे किंवा आजारपणाचे फोटो आपण लावतो का? अल्बम खोटा नसतो, पण तो सगळं घर सांगत नाही. अभिमानाचं गाणं म्हणजे असाच अल्बम. सगळं घर बघायचं असेल तर इतिहासाचं पुस्तकही उघडावं लागतं.

याच गाण्यात आणखी एक कल्पना आहे. स्त्रीची कूस म्हणजे थोर माणसांची खाण, असं कवी म्हणतो. आमच्या वर्गानं एका आवाजात सांगितलं, “जिजाऊ!” साहजिकच आहे. जिजाऊंचा जन्म 12 जानेवारी 1598 चा, आणि तोही आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचा. दर 12 जानेवारीला तिथे केवढी गर्दी लोटते! पण मी मुलांना गाणं पुन्हा एकदा वाचायला लावलं. कवीनं तिथे जिजाऊंचं नाव घेतलंय का? नाही. नाव आपण घातलं, कारण आपण बुलढाण्याचे. तसं घालायला हरकत नाही. गाणं ऐकताना आपलं मन त्यात भर घालतंच. फक्त गाण्यात काय आहे आणि आपण काय घातलं, हे दोन्ही वेगवेगळं ओळखता यायला हवं.

यावर तीच सातवीतली मुलगी म्हणाली, “सर, पण या गाण्यातल्या बाईनं फक्त आईच व्हायचं का?” बघा, शंभर वर्षांपूर्वीच्या गाण्याला आजच्या मुलीनं विचारलेला प्रश्न! जिजाऊंनी जहागिरीचा कारभारही पाहिला होता. तो त्या काळच्या गाण्यात दिसत नाही, पण तुम्ही नवं गाणं लिहाल त्यात जरूर घाला.

नकाशावर नसलेला महाराष्ट्र

आता एक सोपं गणित. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी स्थापन झालं. कोल्हटकर वारले 1934 साली. म्हणजे त्यांनी महाराष्ट्राचं गाणं लिहिलं तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं! आधी गाणं आणि मग राज्य, हे कसं काय?

याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. हे कोल्हटकर राहायचे कुठे ठाऊक आहे? पुण्यात? मुंबईत? नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला ते वकिली करायचे!

तेव्हाचा आपला वऱ्हाड मोठा विचित्र परिस्थितीत होता. कागदोपत्री मालक होता हैदराबादचा निजाम. कारभार होता इंग्रजांचा. 1902 च्या करारानं इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून कायमचा भाड्यानं घेतला. हो, घर भाड्यानं घ्यावं तसा! वर्षाला 25 लाख रुपये भाडं ठरलं. पुढच्याच वर्षी हा प्रदेश मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला. तिकडे पुणं-सातारा मुंबई इलाख्यात, औरंगाबाद-परभणी निजामाच्या राज्यात आणि कोल्हापूरला स्वतंत्र संस्थान. मराठी बोलणारी माणसं अशी वेगवेगळ्या खोल्यांत वाटली गेली होती.

अशा वेळी जळगाव जामोदसारख्या गावी राहणारा एक वकील ‘आमचा महाराष्ट्र देश’ असं लिहितो. नकाशावर जी गोष्ट नाही ती तो गाण्यात काढून दाखवतो. आता तो शब्द पुन्हा म्हणून बघा. आपल्याला तो साधा वाटतो, कारण आपल्या पुस्तकात महाराष्ट्राचा नकाशा छापलेलाच असतो. त्यांच्यासाठी तो शब्द म्हणजे एक मागणी होती. वऱ्हाड आणि विदर्भाचे बाकी जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यात आले, आणि 1960 साली महाराष्ट्रात. ते बघायला कोल्हटकर नव्हते.

म्हणून मी मुलांना सांगतो, गाण्याखाली कवीचं नाव असतं ना, ते नुसतं पाठ करू नका. तो कुठे राहायचा आणि कधी होऊन गेला, तेही शोधा. गाण्याची अर्धी कुलपं तिथेच उघडतात.

“आपली पूर्णा कामून नाई?”

आता राज्यगीत. हे गीत लिहिलं नागपूरच्या राजा बढे यांनी, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आणि शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजात ते घराघरांत पोचलं. 19 फेब्रुवारी 2023 पासून, म्हणजे त्या वर्षीच्या शिवजयंतीपासून, ते महाराष्ट्राचं अधिकृत राज्यगीत आहे.

या गीतात नद्यांची नावं येतात. रेवा म्हणजे नर्मदा. ती महाराष्ट्राला नंदुरबार जिल्ह्यात जेमतेम 54 किलोमीटर भेटते. वरदा म्हणजे आपली विदर्भातली वर्धा. मग कृष्णा, कोयना आणि गोदावरी. भद्रा म्हटलं की कर्नाटकातली तुंगभद्रा आठवते. म्हणजे कवीच्या डोळ्यांपुढचा महाराष्ट्र आजच्या सीमारेषेवर थांबत नाही.

आमची शाळा पूर्णेच्या खोऱ्यातली. त्यामुळे चौथीतल्या एका चिमुरडीनं हिरमुसून विचारलं, “सर, यात आपली पूर्णा कामून नाई? आपन महाराष्ट्रात नाई का?”

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं हो! मोठ्यांना हा प्रश्न लहान वाटेल. पण ज्या गाण्यात सगळे आहेत असं म्हणतात, त्यात आपण दिसलो नाही तर वाईट वाटतंच. मग आम्ही फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढला आणि पाण्याचा माग काढायला निघालो.

पूर्णा पश्चिमेकडे जाऊन तापीला मिळते. तापीही गीतात नाही. म्हणजे पूर्णा एकटी सुटलेली नाही. पण पैनगंगा? ती उगम पावते बुलढाण्याजवळच्या अजिंठ्याच्या डोंगररांगांत, आणि खूप लांबचा प्रवास करून चंद्रपूर जिल्ह्यात मिळते वर्धेला, म्हणजेच गीतातल्या वरदेला! आणि देऊळगावराजा-सिंदखेडराजा भागातून वाहणारी खडकपूर्णा जाते गोदावरीला. मुलं टाळ्या पिटायला लागली. आपल्या जिल्ह्याचं पाणी गीतात आहे, फक्त ते दुसऱ्या नावानं वाहतंय!

चिमुरडी खूश झाली. पण माझी पूर्णा नाही म्हणजे नाहीच, असंही तिनं ठणकावून सांगितलं. तेही बरोबरच आहे!

याच गीतात भीमथडीच्या घोड्यांना यमुनेचं पाणी पाजायची गोष्ट येते. आता ही गोष्ट ओळखीची वाटली ना? कोल्हटकरांचे घोडे सिंधूवर, बढ्यांचे घोडे यमुनेवर! भीमथडी म्हणजे भीमा नदीकाठचा प्रदेश, आणि तिथली काटक तट्टं प्रसिद्ध होती. यमुनेच्या काठी आहे दिल्ली. 1771 साली महादजी शिंदे यांच्या फौजांनी दिल्ली घेतली आणि 1772 मध्ये बादशहा शाहआलम त्यांच्या आधारानं आपल्या तख्तावर परत आला. गीतात दिल्लीचं तख्त राखण्याची गोष्ट येते, तिच्यामागे ही आठवण आहे. पण आज दिल्लीत तख्त नाही, संसद आहे. म्हणून आजच्या मुलांनी त्याचा अर्थ ‘देशाच्या रक्षणाला महाराष्ट्र उभा आहे’ असा घ्यायचा.

मैना म्हणजे कोण?

काही गाणी आपली गोष्ट सरळ सांगत नाहीत. ती वेश पालटून येतात. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड अशीच आहे. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं तळमळणारा मुंबईतला एक कामकरी त्यात गातोय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हे विरहाचं गाणं. पण पुढे त्यात बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही गावांची नि प्रदेशांची नावं येतात. विरहाच्या गाण्यात ही नावं कशाला बरं?

कारण ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली आहे. नवरा-बायकोची जशी ताटातूट झाली, तशी मराठी मुलखाचीही झाली, असं अण्णा भाऊंना सांगायचं होतं. बेळगाव-कारवार आज कर्नाटकात आहेत, डांग-उंबरगाव गुजरातेत. ‘भाषावार प्रांतरचना’ हा शब्द सभेतल्या गिरणी कामगाराला जड गेला असता, पण घरच्या माणसाची आठवण प्रत्येकालाच येते. म्हणून शाहिरानं राजकारण मैनेच्या तोंडून नाही, तर मैनेच्या आठवणीतून सांगितलं.

तेव्हा लक्षात ठेवा, गाण्यात अचानक एखाद्या गावाचं, नदीचं किंवा किल्ल्याचं नाव आलं, की कान टवकारायचे. तिथे काहीतरी दडलेलं असतं.

नकाशा बदलतो, गाणं राहतं

आपलं राष्ट्रगीत पहिल्यांदा गायलं गेलं 27 डिसेंबर 1911 रोजी, कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात. 24 जानेवारी 1950 रोजी ते अधिकृत राष्ट्रगीत झालं. त्यात सिंधचं नाव आहे. पण 1947 सालीच सिंध पाकिस्तानात गेला होता! मग ते नाव काढून टाकायचं का? काही वर्षांपूर्वी असं म्हणत एकजण सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 2005 साली न्यायालयानं ती मागणी फेटाळली. राष्ट्रगीत म्हणजे काही प्रांतांची यादी नव्हे. सिंध या शब्दात सिंधी भाषा आणि संस्कृती आहे, आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी माणसं भारताच्या गावोगावी आहेत. कदाचित तुमच्या बाजारपेठेतही असतील. ते नाव त्यांचंही आहे.

आता तुमची पाळी

एखादं गाणं हातात आलं की त्याला चार प्रश्न विचारायचे. कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? आणि यात काय राहून गेलं? बस्स, एवढंच! उत्तर लगेच मिळालं नाही तरी चालेल.

आणि छापील गाण्यांवरच थांबू नका. आपल्या वऱ्हाडात भुलाबाईची गाणी आहेत, पाळणे आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. दळण दळणाऱ्या बायांनी त्यांत बाबासाहेब आंबेडकरांवर कितीतरी ओव्या रचल्या आहेत. त्यांतल्या अनेकींनी शाळेची पायरीही चढली नव्हती. पण काळ बदलतोय हे त्यांना कळत होतं आणि ते त्यांनी गाण्यात बांधून ठेवलं.

तेव्हा या सुट्टीत आजीजवळ बसा. “आजी, एखादी जुनी ओवी म्हण ना,” म्हणा. वही-पेन्सिल घ्या आणि शब्द जसे येतील तसेच उतरवा, शुद्धलेखन तपासत बसू नका. एखादं अनोळखी नाव आलं तर लगेच थांबवा आणि विचारा, “हे कोन व्हय?” कुठला पाटील, कुठली आगगाडी, कुठला दुष्काळ, कुठला साहेब! आजीलाही आठवलं नाही तर शेजारच्या आजीकडे जा.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलानं गाण्यातल्या शब्दाचा अर्थ विचारला आणि तो तुम्हाला येत नसेल, तर “मला नाही माहीत, चल शोधू” असं म्हणायला लाजू नका. मी एकदा लाजलो होतो. त्याची किंमत एका मुलीच्या वर्षभराच्या गप्प बसण्यानं चुकवली गेली.

आणि हो, आमच्या शाळेत ‘महाराष्ट्रगीत’ एक मेला झोकात झालं. गाणं सुरू करायच्या आधी पाचवीतला तो मुलगा पुढे आला आणि त्यानं गावकऱ्यांना अटक कुठे आहे ते सांगितलं. हातात त्यानं स्वतः काढलेला नकाशा होता. सिंधू नदी निळी रंगवलेली होती आणि तिच्या काठी एक घोडा पाणी पीत होता. घोडा थोडासा बकरीसारखा दिसत होता, पण कुणीही हसलं नाही!

तुम्हाला मिळालेली गाणी नि त्यांतली कोडी आम्हाला जरूर लिहून पाठवा. वाट बघतो.